वाचकांचे प्रश्न : आदिम अशनींमधली दुर्मीळ खनिजं ओळखायची कशी?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून अशनींबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. 'आदिम अशनी' म्हणजे जन्मल्यापासून न वितळलेले उल्कापाषाण. सूर्यमाला घडताना जे कण एकत्र आले ते त्यांच्यात जवळपास तसेच राहिले आहेत, म्हणून त्यांचं एवढं मोल.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सीव्ही३ या आदिम गटातल्या अशनीचा दोन सेंटीमीटरचा पॉलिश केलेला तुकडा मिळाला आहे. एसईएमवर (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) फक्त चार तास दिले आहेत. दुर्मीळ खनिजं कुठे आणि कशी शोधू? – विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : एसईएमसमोर बसण्याआधीच अर्धं काम उरकून घ्या. आदल्या दिवशी साध्या स्टीरिओ सूक्ष्मदर्शकाखाली २० ते ४० पट मोठं करून अख्ख्या तुकड्याचे फोटो काढा, ते जोडून एक नकाशा करा. गोल करडे दाणे दिसतील ते कोंड्रूल. मधला काळा भरणा म्हणजे मॅट्रिक्स. तुम्हाला हवे आहेत ते वेडेवाकडे पांढरट, कधी किंचित गुलाबी ठिपके. त्यांना सीएआय म्हणतात : कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमने भरलेले, सूर्यमालेतले सर्वांत जुने घन पदार्थ, वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षं. सीव्ही गटात ते मिलिमीटरपासून सेंटीमीटरपर्यंत असतात, त्यामुळे डोळ्यांनीही सापडतात. निळी चमक दिसली तर तिथे हमखास खूण करा. टायटॅनियममुळे हिबोनाइट हे सीएआयमधलं दुर्मीळ खनिज निळं दिसतं.

एसईएमवर पहिला तास-दीड तास नकाशालाच द्या. १५ किलोव्होल्टवर मॅग्नेशियम लाल, कॅल्शियम हिरवा आणि अ‍ॅल्युमिनियम निळा अशी रंगांची वाटणी करून ईडीएसचा (क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या जोडयंत्राचा) एकत्र नकाशा घ्या. ऑलिव्हिन लाल दिसतं. स्पिनेल जांभळं, कारण त्यात मॅग्नेशियम २८ टक्के आणि अ‍ॅल्युमिनियम ७२ टक्के (ऑक्साइड म्हणून मोजल्यास). मेलिलाइट हिरवट-निळं आणि डायोप्साइड पिवळसर दिसतं. शुद्ध निळा ठिपका म्हणजे कोरंडम, हिबोनाइट किंवा ग्रोसाइट. शुद्ध हिरवा म्हणजे पेरोव्हस्काइट असू शकतं, पण कॅल्साइटही तसंच हिरवं दिसतं, म्हणून टायटॅनियमचा नकाशा शेजारी उघडा ठेवा.

मग जांभळ्या-निळ्या भागांत शिरा आणि बॅकस्कॅटर चित्र (जड मूलद्रव्यं उजळ दाखवणारं) बघा. स्पिनेल गडद, मेलिलाइट मधलं करडं, पेरोव्हस्काइट उजळ, आणि ऑस्मियम-इरिडियमसारख्या धातूंचे कण डोळे दिपवणारे. खरी दुर्मीळ मंडळी इथेच असतात : स्पिनेल आणि पेरोव्हस्काइटच्या घोळक्यात अडकलेले एक-दोन मायक्रॉनचे उजळ कण. फार मोठ्या, सुबक सीएआयमध्ये वेळ घालवू नका. त्यातले बरेच एकदा वितळून पुन्हा गोठलेले असतात. बारीक कणांचे, कापसाच्या बोंडासारखे विस्कटलेले सीएआय जास्त फळतात.

आता ओळख. शुद्ध हिबोनाइटमध्ये कॅल्शियम ऑक्साइड ८.४ आणि अ‍ॅल्युमिना ९१.६ टक्के असतं. ग्रोसाइटमध्ये तेच प्रमाण २१.६ आणि ७८.४, क्रोटाइटमध्ये ३५.५ आणि ६४.५. पण अशनीतलं हिबोनाइट शुद्ध नसतं. दोन अ‍ॅल्युमिनियमच्या जागी एक मॅग्नेशियम आणि एक टायटॅनियम बसतो, आणि हीच तपासणीची चावी आहे. समजा, विश्लेषण असं आलं : अ‍ॅल्युमिना ८४.५, कॅल्शियम ऑक्साइड ८.३, टायटॅनियम डायऑक्साइड ४.४, मॅग्नेशिया २.२, एकूण ९९.४. प्रत्येक आकड्याला त्या ऑक्साइडच्या रेणुभाराने भागा, ऑक्सिजनची बेरीज काढा आणि हिबोनाइटच्या सूत्रातल्या १९ ऑक्सिजनच्या हिशेबात आणा. कॅल्शियम १.००, अ‍ॅल्युमिनियम ११.२५, टायटॅनियम ०.३७, मॅग्नेशियम ०.३७. कॅल्शियम सोडून बाकीच्यांची बेरीज १२ आणि सगळ्यांची १३, सूत्रात हवी तशीच. टायटॅनियम आणि मॅग्नेशियम सारखे आले, म्हणजे हिशेब जुळला. टायटॅनियम मॅग्नेशियमपेक्षा जास्त आला, तर त्यातला काही भाग त्रिसंयोजी असण्याची शक्यता आहे. ती कमी ऑक्सिजनच्या वातावरणाची खूण असते.

बेरीज जुळत नसेल तर कणाला दोष देण्याआधी किरणशलाका कुठे पडली ते बघा. १५ किलोव्होल्टवर सिलिकेटमध्ये इलेक्ट्रॉन साधारण दोन मायक्रॉनच्या परिसरात पसरतात. कण एक मायक्रॉनचा असेल तर शेजाऱ्याचंही मोजमाप आपल्याच खात्यात येतं. हिबोनाइटला दोन-तीन टक्के सिलिका दिसली की बहुतेक वेळा ती शेजारच्या मेलिलाइटची असते. कणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाच-सहा ठिकाणी मोजा आणि आलेख काढा. सगळे बिंदू दोन परिचित खनिजांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर बसले, तर ते मिश्रण आहे, नवं काही नाही. ७–८ किलोव्होल्टवर उतरलं तर परिसर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास येतो, पण टायटॅनियमची मुख्य रेषा उठायला किमान ५ किलोव्होल्टच्या वर जावं लागतं, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : आमच्या ईडीएसमध्ये एका कणात स्कँडियम दिसलं. सॉफ्टवेअरने तसं नावही लिहिलं. हे डेव्हिसाइट (पायरॉक्सिन गटातलं स्कँडियमचं खनिज) म्हणायचं का? – प्राध्यापक, अमळनेर

उत्तर : सर, इतक्यात नाही. ईडीएसवर होणारी ही सर्वांत सामान्य चूक आहे आणि ती नेमकी याच कणांत होते.

कॅल्शियमची दुसरी रेषा (के-बीटा) ४.०१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे, स्कँडियमची मुख्य रेषा ४.०९ वर. चांगल्या ईडीएसची विभेदनक्षमता सुमारे ०.१३ असते. म्हणजे ०.०८ चं अंतर त्याला दिसतच नाही. कॅल्शियम भरपूर असलेल्या कोणत्याही खनिजात त्या जागी एक टेकाड असणारच, मुख्य शिखराच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं. मग स्कँडियमच्या दुसऱ्या रेषेवर खात्री करावी म्हटलं, तर ती ४.४६ वर, टायटॅनियमच्या ४.५१ च्या पोटात लपलेली. पायरॉक्सिनमध्ये कॅल्शियमही आहे आणि टायटॅनियमही, त्यामुळे दोन्ही वाटा बंद.

हाच घोटाळा झिर्कोनियमचा (२.०४) फॉस्फरसशी (२.०१) आणि मॉलिब्डेनमचा (२.२९) गंधकाशी (२.३१) होतो. अशनीत सल्फाइड जागोजागी असतं, म्हणून 'मॉलिब्डेनम सापडलं' अशा नोंदीकडे आधी संशयानेच बघावं.

उपाय एकच : इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर तरंगलांबीनुसार मोजणी, म्हणजे डब्ल्यूडीएस. तिथे या जोड्या वेगळ्या होतात. १५ किलोव्होल्ट, १० ते २० नॅनोअँपिअर, आणि स्कँडियमच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पार्श्वभूमी मोजायची जागा कॅल्शियमच्या रेषेपासून दूर निवडायची. त्याच सत्रात स्कँडियम नसलेलं कॅल्शियमयुक्त प्रमाण-खनिज, उदाहरणार्थ वोलॅस्टोनाइट, 'अज्ञात' म्हणून मोजा. त्यातही स्कँडियम निघालं तर ते तुमच्या कणातलं नाही.

अर्थात स्कँडियमची खनिजं अशनीत खरोखरच आहेत. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत पडलेल्या अ‍ॅयेंदे अशनीत डेव्हिसाइट आहे, तसंच स्कँडियम आणि झिर्कोनियमचं ऑक्साइड असलेलं अ‍ॅयेंदेआइटही. म्हणून तुमचा कण फेकून देऊ नका. जागा नकाशावर पक्की करून ठेवा आणि डब्ल्यूडीएसची वेळ मागा.

प्रश्न : घासताना-पॉलिश करताना काय जपावं? आमच्याकडे नमुना दोनदा भुगा झाला. – प्रयोगशाळा सहायक, शिरपूर

उत्तर : सीएम आणि सीआय या कार्बनी आदिम गटांचे अशनी मातीच्या ढेकळाइतके भुसभुशीत असतात आणि त्यांना पाण्याचं वावडं असतं. त्यात विरघळणारे क्षार आहेत, तेच आधी वाहून जातात. म्हणून कापताना आणि घासताना पाणी अजिबात नको. निर्जल आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इथेनॉल वापरा. जागा हवेशीर असू द्या, ठिणगी नको.

आधी एपॉक्सी भरून घट्ट करा, मगच कापा. निर्वातात भरलं तरच ती भेगांत शिरते. शिरपूरकडचा मे महिना इथे आडवा येतो. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की एपॉक्सी हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांवर तीस मिनिटं चालणारी एपॉक्सी ४५ अंशांवर सात-आठ मिनिटांत दाट होते, आणि आत शिरण्याआधीच गोठते. भेगा रिकाम्या राहतात आणि पॉलिशच्या वेळी तिथलेच कण उचकटतात. तुमचा भुगा बहुधा असाच झाला असावा. मिश्रण पहाटे करा, रेझिन आणि हार्डनर वजनावर मोजा आणि एका वेळी थोडंच कालवा. आणखी एक : पंप चालू असताना वीज गेली तर पंपातलं तेल उलटं नमुन्याच्या भांड्यात ओढलं जातं. मधली झडप तत्काळ बंद करता येईल अशी जोडणी ठेवा, नाहीतर पुढे रामनमध्ये (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखणाऱ्या यंत्रात) त्या तेलाचाच कार्बन मोजत बसाल.

पॉलिशला ९, ३, १ आणि शेवटी पाव मायक्रॉनची तेलातली हिऱ्याची पेस्ट घ्या. अ‍ॅल्युमिना पावडर वापरू नका. तिचे कण भेगांत रुततात आणि हुबेहूब कोरंडमसारखं विश्लेषण देतात, कारण ते कोरंडमच असतं. ईबीएसडीसाठी (इलेक्ट्रॉनच्या विवर्तनावरून स्फटिकरचना बघण्यासाठी) लोक शेवटी कोलॉइडल सिलिका वापरतात. सीव्हीला ती चालते, पण ती पाण्यातली आणि अल्कधर्मी असल्याने सीएमला नको. तिथे आर्गॉन आयनने पृष्ठभाग साफ करावा. सिलिका वापरलीच तर सुकण्याआधी धुवा. सुकलेला थर सिलिकॉन आणि सोडियमची खोटी शिखरं दाखवतो.

पावसाळ्यात तुकडे सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा, जेलचा रंग बदलला की भाजून पुन्हा भरा. १४ मे १८६४ रोजी फ्रान्समध्ये पडलेल्या ऑर्गेइल अशनीतल्या पांढऱ्या सल्फेटच्या शिरा बरीच वर्षं अंतराळातल्या पाण्याचा पुरावा मानल्या गेल्या. पुढे लक्षात आलं की त्या पृथ्वीवर आल्यानंतर, हवेतल्या दमटपणाने तयार झाल्या होत्या.

प्रश्न : सिलिकॉन कार्बाइडचा कण सापडला. सूर्याच्या आधीच्या ताऱ्याचा असेल का? – विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : आधी सांगा, नमुना कशाने घासला होता? काळा घासकागद सिलिकॉन कार्बाइडचाच असतो. भेगेत किंवा एपॉक्सीच्या कडेला बसलेला, धारदार कोपऱ्यांचा, पाच-दहा मायक्रॉनचा कण नव्व्याण्णव वेळा कागदाचाच निघेल. ताऱ्यांचे कण बहुतेक एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात आणि मॅट्रिक्समध्ये चारी बाजूंनी वेढलेले असतात. प्रमाणही दशलक्षात काहीच भाग.

आणि आकार-जागा जुळली तरी निर्णय समस्थानिकांवर (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवर) होतो. कार्बन, नायट्रोजन आणि सिलिकॉनच्या समस्थानिकांचं प्रमाण सूर्यमालेतल्या प्रमाणाहून वेगळं आलं तरच तो दुसऱ्या ताऱ्याचा. त्यासाठी नॅनोसिम्स, म्हणजे अगदी बारीक कणातली समस्थानिकं मोजणारं यंत्र, लागतं. आपल्याला जवळचं म्हणजे अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेतलं. तिथे नमुना पाठवण्याआधी घासकागदाचा एक तुकडा आणि तुमची एपॉक्सी स्वतंत्रपणे एसईएमखाली बघून घ्या.

प्रश्न : आमच्या मुक्ताईनगरजवळ मानेगावला अशनी पडला होता म्हणतात. त्यात ही खनिजं असतील का? – शिक्षिका, मुक्ताईनगर

उत्तर : पडला होता, बाई. २९ जून १८४३ रोजी. जुन्या नोंदींत मुक्ताईनगरचं नाव एदलाबाद असं आहे. पण तो डायोजेनाइट आहे, म्हणजे एका वितळलेल्या लघुग्रहाच्या पोटात गोठलेला खडक, बहुतांश ऑर्थोपायरॉक्सिन या एकाच खनिजाचा. हा गट वेस्टा लघुग्रहाशी जोडला जातो. एकदा वितळला की सीएआय आणि ताऱ्यांचे कण दोन्ही नाहीसे होतात, त्यामुळे त्यात हिबोनाइट शोधण्यात अर्थ नाही. तरी वर्गात जरूर सांगा. आपल्या तालुक्यात एका लघुग्रहाच्या पोटातला खडक पडला, ही लहान गोष्ट नव्हे.

भारतातले आदिम अशनी बघायचे तर दोन नावं सांगा. मध्य प्रदेशात मंडला भागात २६ ऑक्टोबर १९४० रोजी पडलेला सेमरकोना, जो साध्या कोंड्राइटांत (कोंड्रूल असलेल्या सर्वसामान्य अशनींत) सर्वांत कमी तापलेल्यांपैकी मानला जातो. आणि जयपूरजवळ ६ जून २०१७ रोजी पडलेला मुकुंदपुरा, जो सीएम गटाचा आहे.

प्रश्न : केळीच्या शेतात नांगरताना काळा जड दगड निघाला. चुंबक चिकटतो. कुणाला दाखवावा? – शेतकरी, यावल तालुका

उत्तर : दादा, चुंबक चिकटला म्हणून आनंद होणं साहजिक आहे, पण आपल्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइट असतं आणि चुंबक त्यालाही धरतो. शिवाय जोरदार चुंबक लावला की अशनीतली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. पुन्हा लावू नका.

घरी दोन गोष्टी बघता येतात. दगडाला बुडबुड्यांची भोकं असतील, किंवा भोकांत पांढरे स्फटिक भरलेले असतील, तर तो इथलाच. सावद्याच्या खाणींत असे झिओलाइट भरपूर निघतात. भोकं असून दगड काचेसारखा चमकत असेल तर भट्टीतली मळी असण्याची शक्यता जास्त. दुसरी, घनता. दगड दोरीने काट्याला टांगून वजन घ्या, मग पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा घ्या. ३०० ग्रॅमचा दगड पाण्यात २०० भरला, तर घनता ३००ला १००ने भागून ३. आपला बेसाल्ट २.८ ते ३ च्या आसपास येतो, साधा कोंड्राइट ३.३–३.४ च्या आसपास. मात्र दगड डोळ्यांदेखत नुकताच पडला असेल तर पाण्यात बुडवू नका, हात न लावता स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. सीएम जातीचे अशनी बेसाल्टपेक्षा हलके असतात, त्यामुळे 'जड नाही म्हणून फेकला' असंही व्हायला नको. पण ओलिताच्या काळ्या मातीत ते टिकत नाहीत. नांगराला लागेल तो असा असणं अवघडच.

शंका राहिली तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशात सापडलेले अशनी कोलकात्यात त्यांच्याकडेच जपले जातात.

प्रश्न : विभागात रामन आहे, ईबीएसडी नाही. फक्त रामनवर खनिज ठरवता येईल का? – संशोधक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : परिचित खनिजासाठी बऱ्याचदा हो, नव्यासाठी नाही. रामन रचनेबद्दल बोलतं, ही त्याची खरी ताकद. कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेटचंच बघा : एकच रासायनिक सूत्र, पण एका रचनेत ते क्रोटाइट, दुसऱ्या रचनेत दिमित्रीइव्हानोव्हाइट. ईडीएस या दोघांत कधीच फरक करू शकणार नाही. नागपूर जिल्ह्यात २२ मे २०१२ रोजी पडलेल्या काटोल अशनीत ब्रिजमनाइट हे प्रचंड दाबाखाली बनणारं खनिज ओळखलं गेलं, तेही रचनेवरूनच. तो अशनी आदिम नाही, पण धडा तोच.

आता काळजीच्या जागा. सुरुवातीला सिलिकॉनच्या ५२०.५ रेषेवर यंत्र लावून घ्या (रामन रेषांचे आकडे प्रति सेंटीमीटरमध्ये). मॅट्रिक्स काळं असल्याने लेझरची उष्णता शोषतं, म्हणून नमुन्यावर एक मिलिवॉटपेक्षा कमी शक्ती ठेवा. जास्त दिलीत तर मॅग्नेटाइटचं तिथल्या तिथे हेमॅटाइट होतं आणि तुम्ही तेच नोंदवता. ऑलिव्हिनची ८२० आणि ८५० ची जोडी आधी ओळखून ठेवा, ती सगळीकडे डोकावते.

सर्वांत फसवी जागा १,३३० ते १,४००. हिऱ्याची अरुंद रेषा १,३३२ वर, विस्कळीत कार्बनचं रुंद टेकाड १,३५० वर. ६३३ नॅनोमीटरचा लेझर असेल तर कोरंडममधल्या क्रोमियमचा लाल प्रकाशही १,३७० आणि १,४०० वर दोन टोकदार शिखरं उभी करतो. ती रामन नव्हेतच. ओळखायची युक्ती सोपी आहे : ५३२ चा लेझर लावून पुन्हा मोजा. खरी रामन रेषा त्याच आकड्यावर राहील. क्रोमियमची शिखरं थेट ४,३९० च्या आसपास पळतील. तुकडा पॉलिश करताना हिऱ्याची पेस्ट वापरली असेल, तर १,३३२ च्या रेषेवर तर विश्वासच ठेवू नका.

नवं खनिज असल्याचा संशय आला तर रामनच्या जोडीला मायक्रोप्रोबचं विश्लेषण आणि ईबीएसडी किंवा टीईएमचं (इलेक्ट्रॉन आरपार जाणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचं) विवर्तन हवंच. ईबीएसडीसाठी नमुना ७० अंशांत कलवावा लागतो, कार्बनचा थर अगदी पातळ हवा आणि पॉलिश निर्दोष हवं. २०१२ मध्ये जाहीर झालेलं पॅन्ग्वाइट अ‍ॅयेंदे अशनीतलं, जेमतेम एक-दोन मायक्रॉनचं. तरी त्याची रचना आणि घटक दोन्ही ठरवल्यावरच आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने नाव मान्य केलं. मान्यतेसाठी मूळ नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो. तेव्हा तो कण असलेला तुकडा पुन्हा घासू नका, त्यावरचा कार्बन काढू नका, आणि कणाच्या चारी बाजूंच्या ओळखीच्या खुणांसह तीन वेगवेगळ्या मोठेपणाची चित्रं आजच काढून ठेवा. दोन मायक्रॉनचा कण सहा महिन्यांनी पुन्हा शोधायचा असतो, तेव्हा तीच चित्रं कामाला येतात.